बुधवारच्या रात्रीचं पाणी

२३ नोव्हेंबर २०२३. कार्तिकी एकादशी होती म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. पहाटे पूजेला फुलं काढायला मी सोसायटीच्या मागच्या अंगाला गेले. पुण्यात धायरीला आमच्या कुंपणाला लागून एक ओढा जातो. पावसाळ्यात तो दोन्ही काठ धरून वाहतो, दिवाळीनंतर करंगळीएवढी धार उरते आणि होळीच्या सुमारास नुसते दगड. त्या पहाटे ती धार पिवळी होती.

मातीने पाणी गढुळतं तसा तो पिवळा नव्हता. एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं सहायक होते. पोटॅशियम क्रोमेटची बाटली रोज फडताळातून काढायची आणि संध्याकाळी परत ठेवायची, हे माझं काम. तो रंग मला झोपेतही ओळखता आला असता. काठावर बसले, हात मात्र लावला नाही. फुलं तशीच राहिली.

आमच्या वरच्या अंगाला तीन-चारशे पावलांवर पत्र्याची एक शेड आहे. नट, बोल्ट, पट्ट्या, क्लॅम्प अशा लोखंडी मालाला तिथं जस्ताचा मुलामा चढवतात. मुलामा टिकावा, सोनेरी झाक यावी म्हणून शेवटी माल क्रोमेटच्या टाकीत बुडवतात. कारागीर त्याला ‘यलो’ म्हणतात. त्या टाकीत असतं षट्संयुजी क्रोमियम, आपल्याकडे बोलताना हेक्साव्हॅलंट क्रोम. त्याने कर्करोग होतो. माती धरून ठेवते म्हणावं तर तेही नाही, पाण्याबरोबर ते खाली उतरत जातं. आणि आमची बोअर ओढ्यापासून जेमतेम चाळीस फुटांवर आहे. प्यायला महापालिकेचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात ते पुरत नाही तेव्हा बोअरचं पाणी टाकीत सोडलं जातं आणि कोण कशाला वापरतं हे कोणी बघत नाही.

मी केलेली पहिली गोष्ट चुकली. दुसऱ्याच दिवशी उरलेल्या डबक्यातलं पाणी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरलं, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत नेऊन दिलं, पैसे भरले. अहवाल आला. ओढ्यात किंवा नदीत सोडायच्या सांडपाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आमचा आकडा त्याच्या आठपटीहून वर होता. मला वाटलं, झालं काम. पण अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘नमुना ग्राहकाने आणून दिलेला.’ बाटली कुठली, पाणी कुठलं, कधी भरलं, कोणासमोर भरलं, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. माझं रसायनशास्त्र बरोबर होतं, पण पुरावा म्हणून तो कागद लंगडा होता.

तो अहवाल जोडून मी एका कार्यालयात तक्रार दिली. कुठल्या ते लिहीत नाही. उत्तर आलं की सदर ठिकाणी नैसर्गिक प्रवाह नसून नाला आहे आणि पाहणीच्या वेळी तो कोरडा आढळला. हे पत्र मी बरेच दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते. इतकी वर्षं ज्याला आम्ही ओढा म्हणत आलो त्याला कोणी एका ओळीत नाला केलं, कोरडा केलं आणि विषय संपवला.

मग कायदा स्वतः वाचायचं ठरवलं. १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा. कायद्याची पुस्तकं वाचायची मला सवय नव्हती. एकेक वाक्य तीन-तीनदा वाचावं लागलं. पण सुरुवातीलाच, कलम २ मधल्या व्याख्यांत, मला हवं ते सापडलं. ‘प्रवाह’ या शब्दात नदी तर येतेच, पण जलमार्गही येतो, मग तो वाहता असो वा त्या वेळी कोरडा असो. जमिनीखालचं पाणीसुद्धा येतं. म्हणजे होळीच्या दगडांचा आमचा ओढाही कायद्याच्या लेखी प्रवाहच, आणि आमच्या बोअरचं पाणीही. पन्नास वर्षांपूर्वी हे कलम लिहिणाऱ्यांनी आपल्याकडचे ओढे बघितले असले पाहिजेत. मला त्या माणसांबद्दल फार कृतज्ञता वाटली. कलम २४ सांगतं की असल्या प्रवाहात किंवा विहिरीत विषारी, प्रदूषक काही सोडायचं नाही. कलम २५ सांगतं की सांडपाणी सोडणारा उद्योग राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय उभा राहू शकत नाही, चालू शकत नाही. आणि त्या संमतीच्या अटींची नोंदवही ज्याला झळ लागते त्याला बघता येते, हेही तिथंच आहे.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. शेडला कशाची संमती आहे एवढंच विचारलं. मुदतीत उत्तर आलं: संमती होती लोखंडी काम आणि रंगकाम यांची. मुलाम्याचा उल्लेखही नव्हता. मुलामा देणारे उद्योग लाल वर्गात येतात, म्हणजे सर्वांत प्रदूषक गटात. त्यांना अटीही तशाच कडक असतात.

आता आमच्या मामांबद्दल. आमचे रात्रीचे वॉचमन, लातूरकडचे, सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणते. मी ओढ्याकाठी येरझारा घालते हे त्यांनी पाहिलं होतं. एका संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, “ताई, तुम्ही सकाळी बघताय. ह्ये पानी रातचं येतंय. दोन वाजता, अडीच वाजता. उजाडेपत्तुर वाहून जातंय.”

मी म्हटलं, “मामा, रोज येतं का?”

“रोज न्हाई. पर कधी येतं ते ध्यानात न्हाई ठिवलं.”

मी त्यांना गेटवरच्या रजिस्टरकडे बोट दाखवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं ते जाड रजिस्टर. शेवटचा रकाना ‘शेरा’ कायम रिकामा असायचा. मी म्हटलं, दिसलं की त्यात लिहा. वेळ लिहा, रंग लिहा, वास असला तर लिहा. नसलं दिसलं तर तेही लिहा.

मामांचं शिक्षण चौथी. पण त्यांनी ते काम असं केलं की मोठ्या कार्यालयांतही तसं होत नाही. ‘रा. २.१० पाणी पिवळे. वास नाही.’ ‘रा. २.०० पाणी साधे.’ ‘रा. ३.२५ पाणी पिवळे, फेस. कुत्रे प्याले नाही.’ पाच आठवड्यांनी मी रजिस्टर घरी आणलं आणि तारखांसमोर वार लिहीत गेले. पिवळं पाणी जवळजवळ प्रत्येक वेळी बुधवारच्या रात्री.

पुण्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. इथं कामावर गेलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. बुधवारी पाळी संपली की टाक्या रिकाम्या करायच्या, धुवायच्या, गुरुवारी शेड बंद, शुक्रवारी नवं द्रावण. एवढी साधी गोष्ट मला सव्वीस वर्षांच्या रसायनशास्त्राने सांगितली नव्हती. ती मामांच्या शेऱ्याच्या रकान्याने सांगितली.

जानेवारी २०२४ मध्ये हे सगळं घेऊन मी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेले. त्याआधी त्यांची एक पाहणी दिवसा होऊन गेली होती आणि तेव्हा पाणी स्वच्छ सापडलं होतं. क्षेत्र अधिकाऱ्यांनी रजिस्टरच्या प्रती शांतपणे वाचल्या आणि मला नमुन्याचं कलम समजावून सांगितलं, कलम २१. ते इथं नीट लिहिते, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं राहतं.

मंडळाचा माणूस नमुना घेतो तेव्हा आधी तिथल्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला नोटीस द्यावी लागते की आम्ही हा तपासणीसाठी घेतोय. त्याच्यादेखत नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही भांड्यांवर खूण, सील, दोघांच्या सह्या. एक भांडं मंडळाच्या प्रयोगशाळेत. मालकाने मागणी केली तर दुसरं सरकारने ठरवलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेत. मालक मुद्दाम गैरहजर राहिला तर काय करायचं तेही लिहिलेलं आहे. ही रीत मोडली तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहत नाही. मला आधी वाटलं होतं, हे सगळं कारखानदाराच्या सोयीचं आहे. आता तसं वाटत नाही. ज्याची रोजी थांबणार आहे त्याच्या डोळ्यांदेखत बाटली भरली जावी, हे न्याय्यच आहे. फक्त मग बाटली योग्य वेळी भरावी लागते, आणि ती वेळ आम्हाला कळली होती.

८ फेब्रुवारीच्या गुरुवारी, पहाटे साडेपाचला ते आले. मी शाल गुंडाळून कुंपणाशी उभी होते, शेजारी मामा बॅटरी धरून. शेडच्या मागच्या भिंतीतून एक निळा पाइप जमिनीखालून ओढ्यात सोडला होता, वर पालापाचोळा टाकलेला. त्याच्या तोंडाशी नमुना घेतला. शेडचा सुपरवायझर डोळे चोळत आला, त्याने सही केली. लाख वितळवून सील मारताना त्या अधिकाऱ्यांचा हात थंडीने थरथरत होता ते मला अजून दिसतं. भांडी बर्फाच्या डब्यात गेली, कारण हेक्साव्हॅलंट क्रोमची तपासणी चोवीस तासांच्या आत व्हायला हवी.

मार्चमध्ये कलम ३३-अ खाली काम बंद ठेवण्याचे निर्देश निघाले, शेडची वीज तोडली गेली.

त्यानंतरच्या एका दुपारी शेडचे मालक घरी आले. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील. चहा घेतला नाही. म्हणाले, “ताई, अकरा पोरं आहेत कामाला. त्यांच्या घरच्यांना मी काय सांगू?” हा प्रश्न खोटा नव्हता. माझे वडील कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडते म्हणजे घरात काय होतं ते मी लहानपणी पाहिलंय. मी गप्प बसले. त्यांच्याबरोबर एक मुलगा आला होता, दारातच उभा. पाण्याचा पेला द्यायला गेले तेव्हा त्याची बोटं दिसली. सांध्यांवर खोल, वाटोळ्या, कडा उचललेल्या जखमा. क्रोमच्या टाकीत उघड्या हातांनी काम करणाऱ्यांना अशा जखमा होतात. वाफ सतत नाकात गेली तर नाकाच्या पडद्यालाही भोक पडतं. मी मालकांना म्हटलं, “या अकरांपैकीच एक हा आहे ना? याचे हात बघा.”

मग मी त्यांना कागदावर लिहून दिलं. आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइट घातलं की षट्संयुजी क्रोम कमी विषारी त्रिसंयुजी होतं. चुना टाकला की त्याचा गाळ खाली बसतो. वरचं पाणी तपासून सोडायचं. गाळ घातक कचऱ्यात मोडतो, तो रांजणगावच्या प्रकल्पात पाठवायचा आणि त्याची पावती ठेवायची. यात काही गुपित नाही. प्रयोगशाळेतला टाकाऊ क्रोमेट आम्हीही असाच हाताळत असू. खर्च येतो, हे खरं. तो खर्च त्यांनी केला नाही म्हणजे तो वाचला नाही, तो आमच्या बोअरमध्ये उतरला. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मला आशा वाटली होती.

एप्रिलच्या मध्यावर मामांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘रा. १.४० जनरेटरचा आवाज. पाणी पिवळे.’

लोकसभेची निवडणूक सुरू होती, सगळीकडचे अधिकारी निवडणुकीच्या कामाला जुंपलेले. आणि मला एक तारीख दिसत होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांसाठीचं वेगळं न्यायालय. त्याच्या २०१० च्या कायद्यात कलम १४ खाली दाद मागायची तर तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळतात, त्यापुढे नाही. २३ नोव्हेंबरपासून सहा महिने म्हणजे मे संपायच्या आत. कितीतरी लोक वर्ष-दीड वर्ष तक्रारी करत फिरतात आणि मग न्यायाधिकरणाकडे जातात. तोवर या कलमाचं दार लागलेलं असतं. नुकसानभरपाईसाठी मुदत पाच वर्षांची आहे, पण ते कलम वेगळं, १५ वं.

अर्जाची फी हजार रुपये. वकील लागतोच असं नाही, आपण स्वतः उभं राहू शकतो. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, कौन्सिल हॉलसमोरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत. गुजरात-गोव्याच्या लोकांची प्रकरणंही इथंच येतात. मला धायरीहून दोन बस बदलून जाता आलं. अर्ज इंग्रजीत, मराठी कागदांची भाषांतरं जोडून. सर्वांत मोठं काम तारखांची यादी करण्याचं: कोणत्या दिवशी काय घडलं आणि त्याचा कागद कोणता. माझ्याकडे एकशे बारा पानं झाली. त्यातली अर्ध्याहून जास्त मामांच्या रजिस्टरची.

मामांचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं होतं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही नाही म्हटलंत तरी मला राग येणार नाही. नोकरी एजन्सीची, उद्या कोणी फोन केला तर त्यांना दुसऱ्या गेटवर पाठवतील. ते एक दिवस विचार करून आले. “ताई, म्या जे बघितलं त्येच लिवलंय. मग सही कराया काय भ्याचं?” ९ मेला आम्ही नोटरीकडे गेलो. सही करताना माझ्या बोटावर ७ तारखेच्या मतदानाची शाई होती. मामांचं मतदान त्याच दिवशी गावाकडे होतं. रात्रीच्या गाडीने जाऊन, मत देऊन परत आले होते. दोघांची तर्जनी एकसारखी काळी.

सुनावणीच्या तारखांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. थांबावं लागतं. पहिल्या वेळी माझा आवाज फुटत नव्हता. समोरच्या वकिलांनी तोच मुद्दा काढला, हा नाला आहे. मी कलम २ वाचून दाखवलं. ते मला तोवर पाठ झालं होतं. दुसरा मुद्दा असा की वॉचमनचं रजिस्टर हे खासगी टिपण आहे. पण त्या टिपणातल्या वाराला जाऊन मंडळाने रीतसर नमुना घेतला होता आणि तो नमुना रजिस्टरशी जुळत होता. न्यायाधिकरणाने संयुक्त समिती नेमली. समितीने पाइप उकरून काढला, ओढ्याचा गाळ तपासला, आमची बोअर तपासली. बोअरमध्ये क्रोमियम निघालं. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आम्ही तिच्या वर होतो. अहवाल वाचला त्या रात्री मी सोसायटीतल्या लहान मुलांची नावं मनात मोजत बसले होते.

भरपाई कशी ठरते हेही मला तेव्हा कळलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र आहे: प्रदूषणाचा निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार, शहराची लोकसंख्या, या सगळ्यांचा गुणाकार. लाल वर्गाला ८०, गुणक सर्वसाधारण २५०, लहान उद्योगाला ०.५, पुण्याएवढ्या शहराला १.२५. गुणाकार करा, दिवसाला साडेबारा हजार येतात. मग भांडण उरतं ते दिवसांचं. किती दिवस? तिथं पुन्हा रजिस्टर उघडावं लागलं.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत. तेव्हा आमच्या सोसायटीतले लोक माझ्या दाराशी आले आणि बोअरचे अहवाल मागू लागले. मी त्यांना समजावलं की तो आजार जंतूंच्या संसर्गातून उद्भवतो, आपल्या बोअरचं दुखणं धातूचं आहे, दोन्ही एक करू नका. पण अहवाल सगळ्यांना दिले. बोअरचा व्हॉल्व्ह त्याच दिवशी बंद करून सील केला. वर्षभर मी तेच सांगत होते.

शेड आता रिकामी आहे. मालकांनी दुसरीकडे प्रक्रिया यंत्रणेसह काम सुरू केलंय असं ऐकते. अकरापैकी सात जण तिकडे गेले. तो जखमांचा मुलगा त्यात आहे की नाही, कळलं नाही. मी दोनदा चौकशी केली.

ओढ्याच्या तळचा गाळ काढून रांजणगावला न्यायचं काम मे २०२५ मध्ये सुरू झालं. यंदा पावसाने मेमध्येच गाठलं, ओढा भरून आला आणि काम निम्म्यावर थांबलं. उरलेला गाळ त्या पाण्याखालीच आहे. पाणी उतरलं की पुन्हा सुरू करायचं म्हणून मी पत्र देऊन ठेवलंय, पोच घेतलीय.

मामांची बदली झाली नाही. शेऱ्याचा रकाना ते अजून भरतात. बोअरचा नमुना दर तीन महिन्यांनी तपासतो. मागचे दोन्ही अहवाल मर्यादेच्या वरच आहेत, दुसरा पहिल्यापेक्षा थोडा कमी. पुढचा नमुना येत्या गुरुवारी घ्यायचा आहे. प्लास्टिकचा नवा डबा आणलाय, बर्फ फ्रीजरला लावलाय, साक्षीदार म्हणून सही करायला मामा आणि तळमजल्यावरचे काका येणार आहेत.